कोंडाजीबाबांच्या गोळीचा साचा

माझ्या ऑफिसातल्या टेबलाला उतार आहे, हे मला नोकरी लागून पाच महिने झाल्यावर कळलं. तेही सही करता न येणाऱ्या माणसाकडून.

तालुक्याच्या कचेरीत मी तेव्हा कारकून होतो. एक उंच, सुकलेला म्हातारा समोर येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कमरेची चंची सोडली, तंबाखू आणि चुन्याच्या डबीमधून एक काळी, बोराएवढी गोळी काढली आणि माझ्या उघड्या रजिस्टरावर ठेवली. गोळी क्षणभर थांबली, विचार केल्यासारखी हलली आणि घरंगळत निघाली. माझं पेन ओलांडून ती टेबलाच्या कडेवरून पडणार, तोच म्हाताऱ्यानं ओंजळीत झेलली.

"भाऊसाहेब, तुमचं टेबल खिडकीकडं पडतंय."

"काम काय आहे?"

"काम हाय की. पन आदी पायाखाली कागुद घाला. तिरप्या टेबलावर सई सरळ येत न्हाई."

मी बी. ए. झालेला माणूस. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. माझे आईवडील पाथर्डीकडचे, वर्षातले सहा महिने कोयता घेऊन कारखान्यावर. त्यांच्या पोरानं सरकारी शिक्का हातात धरला, याचा मला फार अभिमान होता, अजून आहे. आणि हा माणूस मला सही सरळ येत नाही म्हणत होता. मी त्याला बाहेरच्या बाकावर तासभर बसवून ठेवलं. तो गेल्यावर एका कोऱ्या फॉर्मची चौघडी करून टेबलाच्या पायाखाली घातली. सही खरंच सरळ येऊ लागली, पण हे मी त्याला पुढे कधीही सांगितलं नाही.

हे कोंडाजीबाबा. गाव उंबरमाळ, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. तीन खाचरं भात, उताराला थोडी नागली आणि वरई. खाचरांच्या वर लगेच जंगल. आणि जंगलात डुकरं. त्या डुकरांसाठी त्यांच्या आज्याच्या काळापासून घरात एक ठासणीची बंदूक होती. दारू वरून ओतायची, गजानं ठासायची, वर शिशाची गोळी सोडायची, असली. परवान्यावर कारण लिहिलेलं होतं 'पीकसंरक्षण'. परवाना वर्षाला एकदा, डिसेंबरात, माझ्याकडे नवा करायला यायचा. आमची ओळख ती एवढीच असायला हवी होती.

पण बाबांना एक अडचण होती, आणि त्यांची अडचण ही ऐकणाऱ्याचीही व्हायची. बंदूक होती, दारू होती, गोळ्या नव्हत्या. ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या दुकानात मिळत नाहीत. ज्याची त्यानं शिसं वितळवून घरी ओतायच्या. त्यासाठी साचा लागतो. दोन पात्यांचा, कात्रीसारखा मिटणारा, मिटल्यावर आत गोल पोकळी राहणारा. आज्याचा तसा साचा होता. दिसायला हुबेहूब अडकित्ता. थोरल्या मुलीच्या, हिराच्या लग्नात पानसुपारीला अडकित्ते कमी पडले, तेव्हा कुणीतरी तो घेऊन गेलं. लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली आणि साचाही गेला.

उरली होती ती चंचीतली एक गोळी. आज्याच्या साच्यातली शेवटची. बाबांनी ती डागली नाही. ती त्यांचं माप होती, ओळंबा होती आणि बहुधा देवही होती. कुठंही गेले की आधी गोळी ठेवून बघायचे. एसटीच्या सीटवर, देवळाच्या ओट्यावर, सोयरिकीला गेल्यावर पाहुण्यांच्या घरातल्या फरशीवर. आमच्या कचेरीतली सगळी टेबलं त्यांनी तपासलेली होती. "साह्यबाचं टेबल दाराकडं पडतंय. भेटाया जानारानं दाराकडंच ऱ्हावं. कागुद आपल्याकडं सरकतो," असं त्यांनी मला एकदा खाजगीत सांगितलं होतं.

मी एकदा विचारलं, "बाबा, डुकरं आवाजालाच पळतात. नुसती दारू भरून बार काढा. गोळी कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना खोटं शपथपत्र करायला सांगितलंय.

"रिकामा आवाज म्हंजी लबाडी, भाऊसाहेब. डुकराला कळतं."

"ते कसं?"

"तुमास्नी न्हाई कळत? कोनी नुसतंच वरडतंय का खरंच मारनार हाय?"

बारा वर्षं मास्तरांचा मार खाऊन शिकलेला मी. मला कळायचंच.

बाबांच्या बायकोचं, ठकूबाईंचं मत वेगळं होतं. ती बाई कामाला वाघीण आणि तोंडाला त्याहून. एकदा पंचनाम्याला उंबरमाळला गेलो, तेव्हा चहा देता देता म्हणाली, "मी त्येलाचा डबा वाजविते, भाऊसाहेब. डुकरं जात्यात. ह्यांचा साचा ठरूस्तवर डुकरांची नातवंडं जेवून गेली आमच्याकडं."

"डब्याला परवाना न्हाई लागत, म्हून वाजविती," बाबा म्हणाले.

"मंग तुमी परवाना वाजवा!"

हे असंच चाललं असतं. पण एका डिसेंबरात आमच्याकडं नवे साहेब आले. तरुण, हुशार, थेट भरतीचे. त्यांनी शस्त्रांची यादी मागवली आणि नियम काढला: पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येताना बंदुकीबरोबर गोळीही आणायची, आणि ती नळीत बसवून दाखवायची. "जिच्यात गोळी जात नाही ती बंदूक नव्हे, भंगार. भंगाराला परवाना कशाला?"

बाबांनी तो नियम माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

"म्हंजी आज्याची बंदूक जानार?"

"साचा करा, गोळ्या ओता, काही जात नाही. वर्ष आहे हातात."

"वरीस," ते म्हणाले आणि बाकावर बसले. "साचा निवडायला वरीस म्हंजी कायीच न्हाई."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

फेब्रुवारीत मला कचेरीच्या कामासाठी नगरला जायचं होतं. बाबा बरोबर आले. शहरात बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. मालक चष्मेवाला, सावकाश बोलणारा. बाबांनी आधी काउंटरवर गोळी ठेवली. ती हलली नाही. "सरळ मानूस हाय," बाबा माझ्या कानात म्हणाले.

साचा म्हटल्यावर मालक हसला. तसले साचे विकून त्याला वीस वर्षं झाली होती. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यानं खालच्या खणातून एक अमेरिकेतलं जुनं सूचिपत्र काढलं. गुळगुळीत कागद, आणि पानभर साचेच साचे. एका पोकळीचे, दोन पोकळ्यांचे, टोकदार गोळीचे, बोथट गोळीचे. सगळ्यांना लाकडी मुठी, म्हणजे हात भाजू नयेत. बाबा त्या पानावर असे वाकले, की मुलगी बघायला आलेला मुलगाही इतका वाकत नाही.

"ह्ये!" त्यांनी बोट ठेवलं. "भाऊसाहेब, वाचा."

मी वाचलं. "मॅग्नम रिव्हॉल्व्हर. चव्वेचाळीस. दोनशे चाळीस ग्रेन."

"म्यागनम म्हंजी?"

माझी बी. ए. इतिहासात होती. "मोठं," मी ठामपणे म्हणालो.

मालक म्हणाला, "बाबा, ते रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं आहे. कंबरेला लावायच्या. तुमची ठासणीची. हे तुमच्या कामाचं नाही. आणि आणायचं म्हटलं तरी मिळणार नाही."

"रिवालवर कोनाला पायजे? मी साचा इचारतोय. मुठी बगा मुठी! बरं, दोनशे चाळीस काय म्हनले?"

"ग्रेन. ते वजन आहे. दाण्याचं," मालक म्हणाला.

"कशाच्या दान्याचं?"

मालकानं माझ्याकडं बघितलं, मी मालकाकडं. शेवटी त्याच्याकडच्या डिक्शनरीत पाहिलं. गव्हाच्या मध्यम दाण्याचं वजन, असा अर्थ निघाला.

"कोनता गहू? बागायती का जिरायती?"

"तसं दिलेलं नाही."

"मंग त्यो देश कशावर चालतोय?" बाबा म्हणाले.

परतल्यावर बाजाराच्या दिवशी त्यांनी मला सोनाराच्या दुकानात ओढत नेलं. उंबरमाळला गहू पिकत नाही, म्हणून राहात्याच्या बाजारातून आलेला गहू किराणावाल्याकडून मूठभर मागून आणला होता. काट्याच्या एका पारड्यात आज्याची गोळी, दुसऱ्यात गहू, एकेक दाणा. सोनार मोजत होता, बाबा मोजत होते, आणि कुणावर विश्वास नको म्हणून मीही मोजत होतो. दोनशे चाळीस झाले, पारडं हललं नाही. तीनशे झाले. तीनशेच्याही बऱ्याच पुढं गेल्यावर काटा मध्यावर आला.

बाबा ताठ उभे राहिले. सोनाराच्या दुकानात मावेनात एवढे.

"म्यागनम म्हनं," ते म्हणाले. "आमच्या आज्याची गोळी अमेरिकेपरास शंभर दाने वजनदार हाय."

ही बातमी त्यांनी त्या दिवशी सगळ्या बाजाराला सांगितली. पुढं कुणी शहाणपणा करू लागला, की ते फक्त म्हणायचे, "तुजं वजन दोनशे चाळीस." उंबरमाळमध्ये तो वाक्प्रचारच झाला.

अमेरिकेचं वजन कमी निघालं तरी मुठी मात्र त्यांच्या मनातून जाईनात. सूचिपत्राचं ते पान मालकानं त्यांना देऊन टाकलं होतं. ते चंचीत घडी होऊन बसलं. साचा करवून घ्यायचा तर असाच. बेलापूरला माझी थोरली बहीण दिलेली. तिच्या घराशेजारी एक मिस्त्री राहायचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, घरी स्वतःचं लेथ. मी ते बोलून गेलो आणि फसलो. मे महिन्यात बाबा आणि मी बेलापूरच्या एसटीत होतो.

नेमकी तेव्हा निवडणूक होती. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. त्या दिवसांत निवडणुका इतक्या यायच्या, की बाबांची बंदूक घरी कमी आणि ठाण्यात जास्त राहायची. "ती आता त्येंच्याच रेशनकार्डावर घाला," ठकूबाई म्हणायच्या.

मिस्त्रींनी पान बघितलं, गोळी बघितली. "बंदूक कुठंय?"

"ठान्यात."

"बाबा, पाय न बघता चप्पल शिवू व्हय?"

"हिचं माप घ्या. ही आज्याची हाय. लोन्यावानी उतरती नळीत."

मिस्त्री कामाला लागले आणि बाबांनी निवडायला सुरुवात केली. लोखंडाचा का पितळेचा? लोखंड गंजतं, पितळ लवकर तापतं. एक पोकळी का दोन? दोन बऱ्या, पण दुसरी बिघडली तर पहिलीवर संशय येतो. गोल का टोकदार? टोकदार गोळी उतारावर सरळ घरंगळत नाही, म्हणजे टेबलं तपासता येत नाहीत, म्हणून बाद. मिस्त्री मेणाचे नमुने करून दाखवत होते आणि बाबा ते कानाशी धरून हलवत होते. कशासाठी, ते कुणाला कळलं नाही. दुपारी माझ्या बहिणीनं जेवायला बोलावलं, तर जेवतानाही पानाशेजारी तीन मेणाच्या गोळ्या. संध्याकाळी ठरलं: पितळ, एक पोकळी, गोल, मुठी बाभळीच्या. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हेच मी सकाळी आठ वाजता सांगितलं होतं."

"तवा तुमी सांगितलं हुतं," बाबा म्हणाले, "आता मी ठरवलंय."

साचा सुरेख झाला. आतून चिमणीची काजळी धरून पहिली गोळी ओतली ती मिस्त्रींनीच. शिसं होतं भंडारदऱ्याच्या मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या वजनांचं. गोळी टपकन सुटून ताटलीत पडली. आज्याच्या गोळीशेजारी ठेवली. जुळ्या बहिणी.

निवडणूक झाली. जूनच्या सुरुवातीला बाबा ठाण्यातून बंदूक घेऊन आले, फार खुशीत. कचेरीत येऊन सांगून गेले, "ठानं चांगलं हाय, भाऊसाहेब. बंदूक साफ करून दिली. कुत्र्यानं दस्त्यावर दात मारल्याला, ती खून पन न्हाई ऱ्हायली. पॉलिस मारलं वाटतं."

चार दिवसांनी परत आले ते चेहरा पाडून. नवी गोळी नळीत जाईना. आज्याची गोळीही जाईना. तोंडाशीच अडकली.

"आकसली," ते म्हणाले.

"काय आकसलं?"

"बंदूक. ठान्यात लई दिस ऱ्हायली ना. मानूस आकसतो थितं, ही तर बंदूक."

मी बी. ए. असूनही यावर हसलो नाही, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. लोखंड आकसतं हे शाळेत शिकलो होतो. थंडीत आकसतं, पण तो जून होता.

इथं सावळेरामांबद्दल सांगायला हवं. हे बाबांचे व्याही, त्यांच्या भाषेत इवाई. करवंदवाडीचे, हिराचे सासरे. त्यांच्याकडंही ठासणीची बंदूक, तिचंही ठाणं तेच. दोघांचे आजे एकाच लोहाराकडून बंदुका घेऊन आलेले, म्हणून दिसायला दोन्ही सारख्या. आणि दोघा व्याह्यांमध्ये असा आदर, की एकमेकांसमोर कुणी खोकायचंसुद्धा नाही. आपल्या घरात काही उणं आहे, हे व्याह्याला कळणं म्हणजे मुलीचं किंवा मुलाचं नाक कापणं.

श्रावणात हिराला मुलगा झाला. बारशाला मलाही बोलावणं होतं. दोघं व्याही एका घोंगडीवर बसले होते.

"बंदूक कशी हाय, इवाई?" सावळेरामांनी विचारलं.

"झकास," बाबा म्हणाले. "गोळी कशी, लोन्यावानी. तुमची?"

"आमची तर इचारूच नका. ठान्यातून आल्यापून आनखीच ग्वाड झाली."

मग दोघंही बराच वेळ पाळण्याकडं बघत बसले. मी समोर बसलो होतो. दोन्ही माणसं खोटं बोलतायत, हे मला स्पष्ट दिसत होतं. रिकामा आवाज मलाही कळतो. बाबांचं कारण मला ठाऊक होतं, पण सावळेराम का, ते कळत नव्हतं.

बाबांनी मग ठरवलं. बंदूक बदलत नाही, तर साचा बदलायचा. मिस्त्रींनी निरोप पाठवला, मेणाचा गोळा नळीच्या तोंडात दाबून ठसा घेऊन या. बाबांनी ठसा घेतला आणि तो उन्हानं मऊ पडू नये म्हणून तांब्यात, पाण्यात घालून निघाले. एसटीत तांब्या मांडीवर. संगमनेरच्या स्टँडवर पाणी बदललं. शेजारच्या बाईनं विचारलं, "मासा हाय का?" बाबा म्हणाले, "न्हाई, बंदूक हाय." ती बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

या वेळी निवडायला दोन दिवस लागले. बहिणीनं मला नंतर पत्र लिहिलं, की माणूस चांगला आहे, पण पुन्हा पाठवू नकोस.

दुसरा साचा जमला. त्यातल्या गोळ्या आकसलेल्या बंदुकीत नीट उतरल्या. मात्र आज्याची गोळी चंचीतच राहिली. बाबा ती काढून नळीच्या तोंडाशी धरायचे, बसत नाही बघून परत ठेवायचे. ठकूबाईंनी मला सांगितलं, "जेवन कमी झालंय त्येंचं. म्हनत्यात, बंदूक आपली राह्यली न्हाई."

डिसेंबर आला. नूतनीकरणाच्या दिवशी सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात बंदुकवाले बसले होते. बाबा होते, सावळेरामही होते. साहेब अकराला यायचे होते. मी रजिस्टर घेऊन बाहेर आलो.

आता एक गोष्ट कबूल करतो. नियम असा, की बंदुकीवरचा नंबर वाचायचा आणि परवान्यावरच्या नंबराशी ताडायचा. मी आजवर परवान्यावरचा नंबर वाचायचो आणि परवान्याशीच ताडायचो. तो नेहमी जुळायचा. पण नवे साहेब स्वतः तपासतील या भीतीनं त्या दिवशी मी ओला फडका घेतला, बाबांच्या बंदुकीची नळी पुसली आणि पहिल्यांदाच कोरलेला आकडा वाचला.

तो बाबांचा नव्हता.

चुकीच्या नंबराची बंदूक घरात, म्हणजे परवाना तर जातोच, वर गुन्हा. मी रजिस्टर चाळलं. तो आकडा एका पानाआड सापडला. करवंदवाडी.

"सावळेरामबाबा, तुमची बंदूक बघू."

त्यांनी ती जरा मागं घेतली. दस्त्यावर कुत्र्याच्या दातांची खूण होती.

मी दोघांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. वळवाच्या पावसात ठाण्यातली खोली गळली, हे मी ऐकून होतो; तेव्हा बंदुकांना बांधलेल्या चिठ्ठ्या सुटल्या असणार आणि कुणीतरी त्या अंदाजानं परत बांधल्या असणार. दोन बंदुका, दोन चिठ्ठ्या. मोजदाद बरोबर.

मग बाबा म्हणाले, "इवाई, तुमची बंदूक कशी हुती? सांगा खरं."

सावळेराम जमिनीकडं बघत म्हणाले, "ढिली. गोळी वतली की पायावर पडायची. मला वाटलं, झिजली. चिंध्या भरायचो. आन् मला वाटलं, ठान्यात बंदुका कुत्र्याला चगळाया देत्यात."

"मंग बारशाला का न्हाई बोल्ला?"

"तुमी बोल्ला?"

"मी कसा बोलू? मुलीकडचा मी."

"आन् मी मुलाकडचा!"

मी म्हणालो, "आधी बंदुका बदला. साहेबांची जीप आली."

भर व्हरांड्यात, वीस माणसांसमोर, दोन व्याह्यांनी एकमेकांना बंदुका दिल्या. लग्नात मानपान बदलतात तशा, दोन्ही हातांनी, मान लववून. बाबांनी आपली हातात घेतली, दातांच्या खुणेवरून अंगठा फिरवला. पण लगेच चेहरा उतरला. पिशवीत होत्या त्या दुसऱ्या साच्यातल्या, बारक्या गोळ्या. पहिल्या साच्यातल्या घरी, शिंक्यावर. बारीक गोळी खऱ्या बंदुकीत खुळखुळा वाजणार.

पुकारा झाला. बाबा आत गेले आणि साहेबांच्या टेबलासमोर, दाराच्या अंगाला उभे राहिले. मी बाजूला रजिस्टर धरून उभा. साहेबांनी नंबर वाचला, ताडला. "गोळी दाखवा."

बाबांनी पिशवीला हात लावला नाही. चंची सोडली. तंबाखूतून आज्याची गोळी काढली, धोतरावर पुसली आणि नळीच्या तोंडाशी धरली. त्यांनी बोट काढलं. गोळी आत गेली. घाई नाही, अडखळणं नाही. खाली तळाला टेकल्याचा बारीक, भरीव आवाज आला.

बाबांनी डोळे मिटले होते.

मग त्यांनी बंदूक हळूच उलटी केली. गोळी साहेबांच्या टेबलावर, काचेवर पडली, आणि सगळ्या फायलींना वळसा घालून, कुणी सांगितल्यासारखी, सरळ बाबांकडं घरंगळत आली. साहेब तिच्याकडं बघतच राहिले.

"तुमचं टेबल..." बाबांनी सुरुवात केली.

मी जोरात खोकलो. साहेबांनी सही केली. सही जराशी तिरपी आली.

बाहेर सावळेराम हात चोळत उभे होते. ढिल्या म्हणून गोळ्या त्यांनी कधीच टाकून दिल्या होत्या, पिशवीत नुसत्या चिंध्या. बाबांनी पिशवीतल्या सगळ्या बारक्या गोळ्या त्यांच्या ओंजळीत ओतल्या. "ह्या तुमच्याच मापाच्या. साचाबी तुमचाच. हिरा सासरी येईल तवा तिच्यासंगं धाडून देतो."

सावळेराम विरघळले. "इवाई, मग मीबी एक सांगतो. तुमचा एक अडकित्ता लग्नापून आमच्याकडं हाय. द्यायचं ऱ्हाऊनच गेलं. पन त्यो चांगला न्हाई. सुपारी फुटतच न्हाई त्यात, गोल फिरती नुसती."

बाबा व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसले.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझी बदली राहात्याला झाली. निरोप घ्यायला उंबरमाळला गेलो. भात पिवळं झालं होतं, दुसऱ्या दिवशी कापणी होती. सूर्य डोंगराला टेकायला आलेला. बाबा खाचराच्या कडेला राखणीच्या माळ्यावर बसले होते, मांडीवर बंदूक. मीही चढून शेजारी बसलो.

"कोणत्या साच्यातली गोळी भरलीय?" मी विचारलं. "आज्याच्या, का बेलापूरच्या?"

"त्येच तर ठरत न्हाई, भाऊसाहेब. आज्याचा साचा जुना, पन घरचा. बेलापूरचा नवा, पन मुठी लाकडाच्या. तीन हप्ते झालं इचार करतोय."

"मग आत काय आहे?"

त्यांनी चंची सोडून दाखवली. तंबाखू, चुन्याची डबी, अमेरिकेचं घडी पडलेलं पान. गोळी नव्हती.

तेवढ्यात कारवीच्या झाडोऱ्यात खुसखुस झाली. एक मोठी डुकरीण बाहेर आली, मागं पट्ट्यापट्ट्यांची पाच-सहा पिल्लं. ती थेट खाचराच्या बांधावर येऊन थांबली. बाबांनी बंदूक उचलली, तिच्या डोक्यावरच्या दरडीवर नेम धरला. मी कानात बोटं घातली. डुकरीण बाबांकडं बघत होती, बाबा डुकरिणीकडं.

असा बराच वेळ गेला.

मग बाबांनी नेम न हलवता, ओठाच्या कोपऱ्यातून हाक मारली, "ठके, डबा वाजीव."

खालून ठकूबाईंनी डबा असा बडवला, की माझ्याच छातीत धस्स झालं. डुकरीण वळली आणि पिल्लांसकट जंगलात दिसेनाशी झाली. बाबांनी बंदूक मांडीवर ठेवली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं वळून समाधानानं म्हणाले,

"बगितलं? भरल्याली हाय हे वळाखलं तिनं."

खाली डबा अजून वाजत होता.